ढगाच्या पोटातला मिठाचा कण: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या पावसाळी ढगांवरच्या लेखात एक ओळ होती: ‘ढगातल्या प्रत्येक थेंबाच्या पोटी एक कण असतो, आणि भर समुद्रावर तो कण लाटेतून उडालेल्या मिठाचाही असू शकतो.’ या एका ओळीवर जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. समुद्र ज्यांच्या अंगणापासून दीडशे ते तीनशे किलोमीटर लांब, त्यांनी लाटेवरच्या फेसाबद्दल इतकं खोदून विचारावं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत. मापाचं एक आधीच सांगतो, म्हणजे पुन्हा पुन्हा थांबावं लागणार नाही: मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो.

समुद्राच्या पाण्याची वाफ होते आणि मीठ खालीच राहतं, असं आम्ही मुलांना शिकवतो. मग ढगात मीठ पोचतं कसं? आणि पोचत असेल तर पाऊस खारट का लागत नाही?
(शिक्षिका, अमळनेर)

तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे, बाई. वाफेबरोबर मीठ वर जात नाही. ते जातं बुडबुड्यांबरोबर.

वारा सेकंदाला साधारण ४ मीटर, म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटर झाला की लाटांच्या माथ्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. तुरा मोडताना हवा पाण्यात कोंडते, तिचे बुडबुडे होतात आणि ते वर येऊन फुटतात. बुडबुडा फुटताना एकामागून एक दोन गोष्टी घडतात. आधी त्याच्या टोपीचा पातळ पापुद्रा फाटतो आणि त्याच्या चिंध्यांचे अतिशय बारीक थेंब उडतात. मग टोपी गेल्यावर पाण्यात जो खळगा उरतो, तो चहूबाजूंनी मिटतो आणि मधोमध पाण्याची बारीक धार वर उसळते. त्या धारेचे तुकडे होऊन थोडे, पण मोठे थेंब सुटतात. त्यांची जाडी बुडबुड्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी असते.

वर्गात हे दाखवायला थंड सोडा पुरेसा आहे. ग्लासात सोडा ओता आणि तोंडाच्या दोन बोटं वर तळहात आडवा धरा. तळव्याला जे गार टोचे जाणवतात ते या धारेचे थेंब. पापुद्र्याचे थेंब हाताला कळत नाहीत आणि डोळ्यालाही दिसत नाहीत. ढगाच्या कामाला मात्र मुख्यतः तेच येतात, कारण ते हलके असल्यानं दिवसचे दिवस हवेत टिकतात. मोठे थेंब काही मिनिटांत किंवा काही तासांत परत समुद्रात पडतात.

वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो. वारा सेकंदाला ५ मीटरवरून १० मीटर झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर फेसानं झाकलेला पृष्ठभाग जवळपास दसपट होतो. तरीही १० मीटरच्या वाऱ्यात समुद्राचा जेमतेम एक टक्का भाग फेसाळलेला असतो. एवढ्याशा फेसातून दरवर्षी काही अब्ज टन मीठ हवेत उडतं.

आता खारटपणा. ढगातला एक थेंब २० मायक्रोमीटर जाडीचा धरा आणि त्याच्या पोटातला मिठाचा सुका कण ०.१ मायक्रोमीटरचा. जाडीत दोनशेपट फरक, म्हणजे आकारमानात ऐंशी लाखपट. मिठाची घनता लक्षात घेऊन हिशेब केला तर लिटरभर अशा पाण्यात मीठ येतं पाव मिलिग्रॅमच्या आसपास. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते ३५ ग्रॅम असतं. किनाऱ्यालगतच्या पावसात मोठे कणही धुऊन येतात, त्यामुळे तिथे लिटरला काही मिलिग्रॅम सापडतं. तेही जिभेला कळण्याच्या कितीतरी खाली आहे.

हवा शंभर टक्के दमट झाली की ढग व्हायला हवा. मध्ये कण कशाला लागतो?
(विज्ञान शाखेचा विद्यार्थी, भुसावळ)

कारण थेंबाची सुरुवात फार कठीण असते. चार-दोन रेणू एकत्र आले तरी त्यांचा गोळा इतका वाटोळा असतो की पृष्ठभागावरचे रेणू लगेच सुटून जातात. पृष्ठभाग जितका वाकडा, तितकं पाणी लवकर उडतं. निव्वळ वाफेतून थेंब जमवायचा तर आर्द्रता शंभराच्या कितीतरी पट, काही शे टक्के, व्हावी लागेल. निसर्गात असं होत नाही. खऱ्या ढगात ती शंभराच्या वर फार तर अर्धा-एक टक्का जाते, आणि समुद्रावरच्या पसरट ढगांत बहुधा ०.१ ते ०.३ टक्का.

मीठ दोन मार्गांनी मदत करतं. कणाभोवती पाणी बसलं की थेंब मुळातच मोठा असतो, आणि विरघळलेलं मीठ पाण्याला धरून ठेवतं. स्वीडनच्या हिल्डिंग कोहलर यांनी १९२० च्या आणि ३० च्या दशकांत या दोन्ही गोष्टी एका समीकरणात मांडल्या. आजही तेच वापरतात. ०.१ मायक्रोमीटरच्या सुक्या मिठाच्या कणाला ढगाचा थेंब व्हायला आर्द्रता शंभराच्या वर फक्त ०.१ टक्का लागते. कण निम्म्या जाडीचा, ०.०५ मायक्रोमीटरचा असेल तर सुमारे ०.३ टक्का. म्हणून सगळेच कण बीज होत नाहीत. ढगाखालून हवा किती जोरात वर चढते, यावर कितव्या आकारापर्यंतचे कण ‘उगवतील’ ते ठरतं.

घरी करून बघा. पाण्याची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तिच्यात दोन चमचे कोमट पाणी घाला, झाकण घट्ट लावा आणि मिनिटभर हलवा. दोन्ही हातांनी बाटली जोरात दाबा, पाच सेकंद धरा आणि एकदम सोडा. फार तर पुसटसं धुकं दिसेल. आता झाकण काढा, पेटलेली काडी विझवा, तिचा धूर एक-दोन सेकंद बाटलीत जाऊ द्या आणि झाकण लावून पुन्हा तेच करा. सोडताक्षणी बाटली पांढरी होईल आणि दाबली की ढग नाहीसा होईल. मागे काळा कागद धरून बाजूनं टॉर्च मारला तर फार छान दिसतं.

चुकतं कुठे? पाणी कडकडीत घेतलं तर भिंतीवर बाष्प धरतं आणि आतलं काही दिसत नाही. झाकण सैल असेल तर दाब निसटतो आणि हवा गार होत नाही. धूर जास्त झाला तर बाटली आधीच धुरकट दिसते आणि ढग कुठला, धूर कुठला ते कळत नाही. आणि पहिल्या खेपेला धुराशिवायही थोडं धुकं आलं म्हणून गोंधळू नका, खोलीतल्या हवेतही कण असतातच. फ्रान्सच्या कुलिए यांनी १८७५ मध्ये आणि पाठोपाठ स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी हेच पाहिलं: कापसातून गाळलेल्या हवेत धुकं धरत नाही, आणि तीच हवा पाण्याबरोबर पुन्हा पुन्हा वापरली की धुकं विरळ होत जातं, कारण कण थेंबांबरोबर खाली बसतात. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा, शिरपूरच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

काडीऐवजी मिठाचं पाणी फवारून हा प्रयोग करण्याचा मोह होईल. साध्या फवाऱ्यानं तो फसतो. त्याचे थेंब ५० मायक्रोमीटरच्या वरचे असतात आणि सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर वेगानं पडतात. बाटलीच्या तळाशी ते चार सेकंदांत पोचतात आणि हवेत काहीच उरत नाही.

आमच्याकडे मेमध्ये मीठ खडखडीत असतं आणि जूनच्या शेवटी पोत्याला पाणी सुटतं. ढगातलं मीठही असंच वागतं का?
(किराणा दुकानदार, पारोळा)

तंतोतंत असंच. शुद्ध मिठाचा स्फटिक आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतो. मेच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, पावसाळ्यात ती दिवसचे दिवस ८० च्या वर. तुमच्या खडे मिठाला शुद्ध मिठाच्या आधीच पाणी सुटतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. समुद्रातून उडालेल्या कणातही तेच मिसळलेलं असतं.

एक गंमत मात्र पोत्यात दिसत नाही. एकदा ओला झालेला कण ७५ च्या खाली आला तरी लगेच सुकत नाही. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत तो थेंबाच्या रूपातच राहतो. समुद्रावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणून तिथलं मीठ स्फटिक म्हणून नाही, तर खाऱ्या पाण्याचे थेंब म्हणून तरंगतं. सोपा ठोकताळा असा: समुद्रातून उडालेला थेंब ८० टक्के आर्द्रतेत निम्म्या जाडीचा होतो, आणि पूर्ण सुकला तर पावपट जाडीचा.

याच गुणाचा उपयोग रावेर-यावलकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरवाल्यांना होईल. तिथला आर्द्रतामापक खरं सांगतो की नाही हे मिठानं तपासता येतं. लहान वाटीत दोन चमचे साधं बारीक मीठ घ्या आणि थेंबथेंब पाणी घालत ते ओल्या रेतीसारखं करा. वर पाणी साचता कामा नये. वाटी आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी ठेवा, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि ऊन-वारा लागणार नाही अशा जागी दहा-बारा तास ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७० दाखवत असेल तर त्यात ५ मिळवायचे.

पण चेंबरमध्ये आपल्याला लागते ८५ ते ९५ टक्के, म्हणून एक तपासणी वरच्या बाजूलाही करा. ठिबकमधून देता ते १३:००:४५ खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचाही असाच ओला लगदा करा. २५ अंश तापमानाला तो डब्यात ९३-९४ टक्के राखतो. खत शंभर टक्के शुद्ध नसतं, तेव्हा एक-दोन टक्के इकडेतिकडे धरा. पाणी जास्त झालं आणि सगळं मीठ विरघळलं तर आकडा वर जातो. झाकण सैल असेल तर बाहेरच्या हवेकडे ओढला जातो. खडे मीठ वापरू नका, मॅग्नेशियममुळे आकडा खाली येतो. आणि लगदा मापकाच्या जाळीला लागला तर मापक कायमचा बिघडतो.

म्हणजे दूर समुद्रावरचे सगळे ढग मिठावरच चालतात असं समजायचं का?
(निवृत्त प्राध्यापक, शिरपूर)

नाही, सर. आमच्या मागच्या लेखातल्या ओळीनं तसा समज झाला असेल तर तो इथे दुरुस्त करायला हवा. वजन आणि संख्या या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की हा विषय हमखास चुकतो. समुद्रावरच्या हवेतले कण गोळा करून तोलले तर बहुतेक वजन मिठाचं भरतं. तेच कण मोजले तर बहुतेक कण गंधकाच्या संयुगांचे, म्हणजे सल्फेटचे निघतात. ढगाला वजनाशी देणंघेणं नाही, तो बियाणं मोजतो. एक मायक्रोमीटरचा मिठाचा एक कण फोडला तर ०.१ मायक्रोमीटरचे हजार कण होतील, पण समुद्र ते फोडून देत नाही.

हे सल्फेट येतं कुठून? समुद्राच्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती प्लवक, वाढतात. त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्रकिनारी जो खास वास येतो त्यात याचा वाटा असतो. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि शेवटी सल्फेटचे कण बनतात. १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी असं मांडलं की समुद्र तापला की प्लवक वाढेल, वायू वाढेल, बीजकण (म्हणजे ढगाचे थेंब ज्यांवर धरतात ते कण) वाढतील, ढग उजळ होतील आणि समुद्र पुन्हा निवेल. कल्पना देखणी होती आणि तिनं या अभ्यासाला पंचवीस वर्षं पळवलं. आज ती जशीच्या तशी कोणी धरत नाही. कारण साखळीतली प्रत्येक कडी सैल निघाली. हा वायू बरेचदा ढगांसोबत वर ओढला जातो, नवे कण तिथे वरच्या थंड, स्वच्छ हवेत जन्मतात आणि काही दिवसांनी खाली उतरतात. जिथे वायू सुटला तिथलाच ढग उजळला, असं होत नाही.

तरीही प्लवकांचा हात आहे, याचा एक पुरावा आम्हाला फार पटतो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकाला केप ग्रिम इथे १९७६ पासून हवा मोजतात. दक्षिण महासागरावरून आलेली ही जगातल्या सर्वांत स्वच्छ हवांपैकी एक. तिथे बीजकणांची संख्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, हिवाळ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. वारे मात्र हिवाळ्यात जास्त जोराचे. संख्या फक्त मिठानं ठरत असती, तर चढ हिवाळ्यात यायला हवा होता.

मग मीठ काय करतं? तीन गोष्टी. हिवाळ्यात, प्लवक झोपलेले असताना, बीजकणांचा बराचसा वाटा तेच उचलतं. दुसरं, पापुद्र्याच्या बारीक थेंबांत नुसतं मीठ नसतं, समुद्राच्या पृष्ठभागावरचे तेलकट सेंद्रिय पदार्थही असतात, आणि कण जितका लहान तितका त्यांचा वाटा जास्त. आणि तिसरं, जे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: एक मायक्रोमीटरहून मोठे मिठाचे कण. घनसेंटिमीटरला असा कण क्वचित एखादा, बरेचदा तेवढाही नाही. पण तो ढगात शिरतो तेव्हाच धष्टपुष्ट थेंब असतो. तो इतरांपेक्षा वेगानं पडतो, वाटेतल्यांना गिळतो आणि भुरभुर सुरू करून देतो.

ही भुरभुर पुढे काय करते ते पहा. २० मायक्रोमीटरचे हजार थेंब एक झाले की २०० मायक्रोमीटरचा एक थेंब होतो. तो समुद्रात पडला की हजार बीजकण एकदम गेले. वाटेतच आटला तर हजारांच्या जागी एकच मोठा कण उरतो. बाटलीतली हवा वापरून वापरून स्वच्छ झाली, तसंच हे. पुढच्या ढगाला बियाणं कमी, म्हणून थेंब कमी पण मोठे, म्हणून पुन्हा भुरभुर. उपग्रहाच्या चित्रांत समुद्रावरच्या पांढऱ्या ढगांच्या गोधडीत अशी भुरभुर होणारी, मध्ये विरलेली ठिगळं स्पष्ट दिसतात.

उजळपणाचं गणित स्वयंपाकघरात समजतं. कणकेचा एक गोळा पिठीत घोळवा. तेवढ्याच कणकेचे आठ सारखे गोळे करा. प्रत्येकाची जाडी निम्मी होईल, पण आठांची मिळून साल दुप्पट होईल आणि पिठीही दुप्पट लागेल. ढगातलं पाणी तेवढंच ठेवून थेंब आठपट केले की ऊन परतवणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. शॉन ट्वुमी यांनी १९७० च्या दशकात हे दाखवलं. दूर समुद्रावर याचा परिणाम मोठा, कारण तिथे घनसेंटिमीटरला थेंब असतात पन्नास-शंभर. आणखी पन्नास आले तर ढग बदलतो. जमिनीवरच्या आठशे थेंबांत पन्नास आले तर कुणाला कळतही नाही.

जहाजांच्या धुराचे ढगांवर पट्टे उमटतात असं वाचलं. हे खरं आहे का?
(जळगाव)

खरं आहे. १९६० च्या दशकात उपग्रहांच्या सुरुवातीच्या चित्रांतच ते दिसले. जहाजाच्या इंधनात गंधक असतं, धुरातून सल्फेटचे कण होतात आणि खालच्या पातळ, स्वच्छ ढगात जहाजामागे शेकडो किलोमीटर लांब उजळ रेघ उठते. ढग आधीच दाट किंवा मळलेला असेल तर रेघ उठत नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा जगभर ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. त्यानंतर या रेघा ठळकपणे कमी झाल्या. बंदरांजवळच्या माणसांच्या फुप्फुसांसाठी हे चांगलंच झालं. पण ढग थोडे मंद झाले की समुद्रावर ऊन थोडं जास्त पडतं. त्यानं तापमान किती वाढलं, यावर अभ्यासकांचं एकमत व्हायचं आहे.

ढग शून्याच्या खाली गेला की त्याचा बर्फ व्हायला हवा ना?
(साक्री)

त्यालाही कण लागतो, आणि तो मिठासारखा विरघळणारा चालत नाही. मातीतली काही खनिजं, विशेषतः फेल्डस्पार, उणे पंधरा अंशांच्या आसपास हे काम करतात. जमिनीपासून दूर असलेल्या दक्षिण महासागरावर अशी धूळ फार कमी. फेसातून उडालेले थोडे सेंद्रिय कण तेवढे उपयोगी पडतात. म्हणून तिथले ढग उणे वीस अंशांनाही बरेचदा पाण्याचेच असतात. हवामानाच्या संगणकी प्रारूपांत कित्येक वर्षं तिथे बर्फ जास्त आणि पाणी कमी धरलं जात होतं, त्यामुळे ढग खऱ्यापेक्षा मंद निघायचे आणि समुद्रावर ऊन जास्त पडायचं.

समुद्राचं पाणी फवारून ढग उजळ करायचे आणि उष्णता कमी करायची, अशी योजना आहे म्हणे. आपले फवारणी पंप घेऊन हे जमेल का?
(शेतकरी, चोपडा)

योजना आहे. जॉन लेथम यांनी १९९० मध्ये ती मांडली, आणि ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ वाचवण्यासाठी २०२० पासून लहान प्रमाणावर प्रयोग झाले. पण आपल्या पंपानं ते होणार नाही, आणि का ते तुम्हाला लगेच कळेल, कारण नोझल तुमच्या रोजच्या हातातलं आहे. पिकावरच्या फवारणीचा थेंब १०० ते ३०० मायक्रोमीटरचा असतो. तो पानावर पडावा म्हणूनच तेवढा ठेवतात. असा थेंब पावपट सुकला तरी २५ ते ७५ मायक्रोमीटरचा खडा उरतो, आणि तो ढगापर्यंत पोचतच नाही. हवा असतो ०.८ मायक्रोमीटरचा थेंब, म्हणजे सुकून ०.२ चा कण राहील. तेवढं बारीक छिद्र समुद्राच्या पाण्यातला गाळ, शेवाळ आणि मीठ यांनी लगेच चोंदतं. पाणी फार बारीक गाळावं लागतं आणि दाबही प्रचंड लागतो.

शिवाय नेम चुकला तर काम उलटं होतं. कण एक मायक्रोमीटरच्या वर गेले तर ते भुरभुर सुरू करतात आणि ढगच विरतो. फार बारीक राहिले तर उगवत नाहीत. फारच जास्त झाले तर आपसांत पाणी वाटून घेतात आणि कुणीच मोठा होत नाही. आमचं मत विचाराल तर, प्रवाळावर चार दिवस सावली धरण्यापुरतं याकडे पाहावं. धूर कमी करण्याला हा पर्याय नाही.

अरबी समुद्राचं मीठ आमच्या पावसात येतं का? आणि आमच्याकडे आभाय भरून येतं पण पाऊस पडत नाही, त्याला धूळ-धूर कारण आहे का?
(विज्ञान शिक्षक, नंदुरबार)

आधी दुसरा प्रश्न. ‘आभाय’ रिकामं जाण्याचं पहिलं कारण डोंगर आहे. सह्याद्री चढताना हवा पाणी टाकते आणि धुळ्याच्या बाजूला उतरताना तापते, त्यात ढग आटतात. धूळ-धूर त्यानंतर. ढगातले थेंब साधारण १४ मायक्रोमीटर त्रिज्येचे झाले की ते एकमेकांत भराभर मिसळू लागतात आणि पावसाची सुरुवात होते. पावसाच्या दोन मिलिमीटरच्या एका थेंबाला ढगातले दहा लाख थेंब लागतात. स्वच्छ समुद्री ढगात तळापासून एक-दीड किलोमीटर वर गेलं की ही पातळी गाठली जाते. धुरकट हवेत बियाणं जास्त, वाटणी जास्त, थेंब लहान. तिथे ढगाला दुप्पट-तिप्पट उंच वाढावं लागतं. उंच वाढायला ओल आणि चढती हवा असेल तर पाऊस पडतो, उलट जोरात पडू शकतो. नसेल तर ढग तसाच निघून जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ पासून विमानातून ढगांतले थेंब मोजले. त्याच संस्थेनं सोलापूर भागात २०१८ आणि २०१९ मध्ये ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून पाहिले. त्यात वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. ढग मुळात जोमदार असावा लागतो, कोरड्या आभाळातून यानं पाऊस निघत नाही.

आता मीठ. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर वारे जोराचे असतात, फेस भरपूर असतो आणि तापीचं खोरं पश्चिमेला उघडं आहे. त्यामुळे मीठ तुमच्यापर्यंत येतं, पण वाटेत पावसात धुतलं जाऊन कमी होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते शोधता येतं.

काचेचं किंवा स्टीलचं रुंद भांडं घ्या आणि ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा विसळा. नळाचं किंवा बोअरचं पाणी बिलकूल नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड पावसाच्या कितीतरी पट असतं. आतून हात लावू नका, घामाचं मीठ पुरेसं ठरतं. पाऊस सुरू झाल्यावर भांडं उघड्या जागी, जमिनीपासून मीटरभर उंच ठेवा, म्हणजे मातीचे शिंतोडे येणार नाहीत. अर्धा लिटर पाणी मिळालं की गाळून घ्या आणि मंद आचेवर, उकळी न फुटू देता, ५० मिलिलिटरपर्यंत आटवा. क्लोराइड दसपट दाट होईल. त्यातलं १० मिलिलिटर परीक्षानळीत घ्या, दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल घाला आणि मग दशांश मोलर सिल्व्हर नायट्रेटचे पाच थेंब. आम्ल विसरलात तर धुळीतल्या कार्बोनेटमुळेही पाणी गढूळ होतं आणि फसगत होते.

तुलनेसाठी दुसऱ्या नळीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी घ्या. बॅटरीच्या दुकानातलं घेणार असाल तर त्याचीच आधी चाचणी करा. तिसऱ्या नळीसाठी एक ग्रॅम मीठ लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, त्यातलं १० मिलिलिटर पुन्हा लिटरभर करा. या पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅम क्लोराइड असतं. तिन्ही नळ्या काळ्या कागदासमोर धरा आणि दुधाळपणा ताडून पहा. आटवलेलं पाणी तिसऱ्या नळीइतकं दुधाळ दिसलं तर मूळ पावसात लिटरला ०.६ मिलिग्रॅम. न आटवता केलं तर एवढं थोडं दिसणारच नाही. सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवर काळे पडतात आणि आठवडाभर जात नाहीत, मुलांना हातमोजे द्या.

क्लोराइड मिळालं म्हणजे ते समुद्राचंच, असं मात्र लिहू नका. वीटभट्ट्या, जळता कचरा आणि शेतातली धूळ यांतूनही ते येतं. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या १.८ पट क्लोराइड असतं. जिल्ह्याच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेतून सोडियमही मोजून घेतलं आणि गुणोत्तर याच्या जवळ आलं, तर समुद्राचा दावा पक्का. धुरकट हवेतून मीठ जितकं लांबून आलं तितकं गुणोत्तर थोडं घटतं, कारण धुरातली आम्लं मिठातलं क्लोरीन उडवून लावतात. आणि जूनच्या पहिल्या सरीचं पाणी यासाठी घेऊ नका, त्यात चार महिन्यांची धूळ उतरलेली असते. जुलैत दोन-तीन दिवसांची झड लागली की तिसऱ्या दिवशीचं घ्या.